थुंकीच्या जागा

गाडीवेड्या माणसांची मला किळस येते. हे मी बाहेरून बघून बोलत नाही. मी सात वर्षं त्यांच्यातलाच एक होतो, आणि नुसता सभासद नव्हे, चिटणीस होतो.

आमचं 'गरम टायर मंडळ, कोल्हापूर'. दर रविवारी सकाळी आठला गावाबाहेरच्या एका मिसळीच्या हॉटेलसमोर पस्तीस-चाळीस गाड्या ओळीनं लागायच्या. सगळ्या बॅटरीवरच्या, कारण पेट्रोलच्या नव्या गाड्या बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. पण प्रत्येकीच्या बंपरखाली स्पीकर, आणि स्पीकरमधून जुन्या डिझेल इंजिनाची घरघर. काहींनी डॅशबोर्डवर पेट्रोलच्या वासाचं अत्तर ठेवलेलं असायचं. मिसळीच्या कटाचा वास आणि तो खोटा वास एकत्र झाला की नाकाला रुमाल लावावासा वाटायचा. तरी एकेक जण डोळे मिटून म्हणायचा, "आहाहा, ह्याला म्हनायचं गाडी!"

विनोदही ठरलेले होते. कंपनीच्या मूळ सेटिंगवर शिस्तीत चालणाऱ्या गाडीला आम्ही 'वरात' म्हणायचो आणि आत बसलेल्याला 'वऱ्हाडी'. कुणी वळणावर हळू झाला की, "गाडीत अंडी हायत काय रं?" बायकांच्या ड्रायव्हिंगवरचे विनोद तर आजोबांच्या काळातले होते, त्यात फक्त गाड्यांची नावं बदलली होती. आणि ते सांगणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी आयुष्यात कधी स्टिअरिंग धरलेलं नव्हतं. मी हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं हसायचो, कारण मंडळाचा अध्यक्ष रणधीर इंगवले माझ्या शेजारी बसायचा आणि त्याच्या शेजारी बसायला मिळणं हा मान होता.

स्टिअरिंग न धरता माणूस गाडीवेडा कसा होतो, ते सांगायला हवं.

गाड्या स्वतःच्या स्वतः चालायला लागल्या तेव्हा अपघात कमी झाले आणि लोक कंटाळले. आंधळ्या वळणावर कंपनीची गाडी रांगायची, म्हैस दिसली की तिच्या मागं अर्धा तास मुकाट चालायची. मग 'हात' निघाले. एखाद्या कसलेल्या ड्रायव्हरला सेन्सर लावलेल्या गाडीत तीन-चार महिने बसवायचं. स्टिअरिंगवरच्या पट्टीतून त्याची पकड, पेडलखालून त्याच्या पायाचा दाब, आरशाजवळच्या कॅमेऱ्यातून त्याची नजर, हे सगळं सेकंदाला शंभर वेळा टिपायचं. असा उतार, असं वळण, असा उजेड असला की हा माणूस काय करतो, ते यंत्र त्यातून शिकतं. ते शिकलेलं म्हणजे त्या माणसाचा हात. मग तो कुणाच्याही गाडीत उतरवता येतो. आत बसणारा खिडकीवर कोपर टेकून फोनवर बोलत बसतो, आणि गाडी मात्र वस्तादासारखी चालते.

गाडीच्या मुळाशी सुरक्षेचा एक थर कायम असतो. समोर काही दिसलं की तो ब्रेक लावतोच. पण दिसलं तर! खडकाआड काय आहे ते कुठल्याच सेन्सरला दिसत नाही. अशा जागी किती वेगानं जायचं हे कायद्यानं हातावर सोडलं होतं. अट एकच, तो हात वीस वर्षं विनाअपघात गाडी चालवलेल्या माणसाचा असावा.

ह्या यंत्राची एक खोड आहे. दोन गोष्टी बरोबर घडतात, एवढंच त्याला कळतं. कुठली कुठलीमुळे घडते, ते कळत नाही. ड्रायव्हर गाणं गुणगुणत ओव्हरटेक करत असेल, तर गाण्यामुळे ओव्हरटेक होतो असंही यंत्र खुशाल समजेल. म्हणून हातातल्या फालतू सवयी वेचून काढायला माणूस लागतो. तो माणूस मी. उद्यमनगरात माझं छोटं ऑफिस होतं, हात साफ करण्याचं लायसन होतं. शेवटी एका कागदावर सही करायची असे, की काढून टाकलेल्या सवयींचा वाहन चालवण्याशी संबंध नाही.

माझे वडील शामराव चौगले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते ट्रक चालवायचे. गूळ घेऊन तळवडे घाटानं खाली कोकणात, येताना जांभा चिरा घेऊन वर. एकतीस वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मालकानं निवृत्तीच्या दिवशी पितळी पाटी दिली होती, 'एकतीस वर्षे, विनाअपघात'. ती आमच्या दाराशेजारी असायची आणि दर शुक्रवारी अण्णा ती चिंचेनं घासायचे.

"विश्वा, लगा, घरात सोनं हाय आनि तू बाहेर उकरत बसलायंस व्हय?" रणधीर मला म्हणाला. "अण्णांचा हात काढू. मंडळाच्या नावानं. नादच खुळा!"

अण्णा एकाहत्तर वर्षांचे होते, लायसन संपायला पाच महिने राहिले होते. त्यांना एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं. चार महिने ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून रोज सकाळी घाट उतरायचे आणि चढायचे.

मी त्या खेपांची चित्रफीत बघायला बसलो आणि मला शिसारी आली. अण्णा तंबाखू खातात. लहानपणापासून मला त्याची लाज वाटत आलीय. माझ्या शाळेच्या गेटवर ते थुंकले होते, माझ्या लग्नाच्या मांडवाबाहेरही. आणि इथं घाट उतरताना, दर खेपेला, काच खाली, डोकं बाहेर, पचाक. अकरा वेळा. नेमकं अकरा वेळा, त्याच त्या अकरा जागी.

यंत्र ते सगळं इमानानं शिकलं होतं. पहिल्या चाचणीला मी आणि रणधीर गाडीत बसलो. गाडी झोकात चालली होती, आणि एकदम हळू झाली. ड्रायव्हरच्या बाजूची काच आपोआप खाली गेली, दोन-तीन सेकंद तशीच राहिली, पुन्हा वर आली, मग गाडी पुढे निघाली. असं अकरा वेळा. रणधीरच्या डोळ्यांतून हसून पाणी वाहायला लागलं. "आरं, म्हाताऱ्याचं भूत थुंकतंय!" मला कुठं तोंड लपवू असं झालं, म्हणून मीही हसलो.

त्याच दुपारी मी एक फोल्डर केलं. नाव दिलं 'थुंकी'. डोकं खिडकीबाहेर जाण्याच्या आधीचे चार सेकंद आणि नंतरचे चार, अकराही जागांचे, उचलून त्यात टाकले. रणधीर शेजारी बसून एकेका फाईलला नाव सुचवत होता. 'सकाळची पिंक.' 'मोठी पिंक.' 'अभिषेक.' मी तीच नावं टाइप करत होतो. माझं घर ऑफिसच्या मागंच आहे. अण्णा आत पेपर वाचत होते. उठून त्यांना एक प्रश्न विचारायचा तर वीस पावलंही चालावं लागलं नसतं. मी सही केली.

'घाटाचा राजा' ह्या नावानं तो हात बाजारात आला आणि पावसाळा संपेपर्यंत हजारो गाड्यांत गेला. आता त्यात कुठं अडखळणं नव्हतं. गाडी घाटातून तेल ओतल्यासारखी खाली जायची. रविवारी लोक अण्णांबरोबर फोटो काढायला यायचे. अण्णा तंबाखू गालात दाबून, तोंड बंद ठेवून फोटोला उभे राहायचे.

पुढच्या वैशाखात रणधीर त्याच्या लाल गाडीतून मालवणला निघाला होता. घाटातल्या सातव्या वळणावर, खडकाच्या आडोशाला, धनगरवाड्यातली ठकूबाई झोरे वीस वर्षं करवंदं विकायला बसते. पानाचा द्रोण दाखवायला ती दोन पावलं पुढं आली. गाडी बावन्नच्या वेगात होती. त्या वळणावर खडकापलीकडचं अठरा मीटरपर्यंतच दिसतं. सुरक्षेच्या थरानं ब्रेक लावला, दिसल्यावर लगेच लावला, पण त्या उतारावर आणि त्या खडीवर थांबायला जवळजवळ तीस मीटर लागत होते. ठकूबाईचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

रणधीर पुढं बघतसुद्धा नव्हता, फोनवर होता. मंडळाच्या ग्रुपवर त्याचा पहिला निरोप आला तो बंपरच्या फोटोसकट. 'आमच्या लाडूला लागलं रे.' लाडू म्हणजे त्याची गाडी. त्याखाली चाळीस रडके चेहरे. त्यांतला एक माझा होता, हे लिहिताना मला आजही ओकारी येते.

गाडीत बसलेल्यावर गुन्हा दाखल होत नाही. कायद्याच्या दृष्टीनं गाडी चालवतो तो हात, म्हणजे अण्णा. चौकशी समिती नेमली गेली. दोष हातात आहे असं ठरलं तर शामराव चौगले हे नाव देशभरातल्या काळ्या यादीत कायमचं जाणार होतं. दोन दिवसांत ग्रुपवर अण्णांचा फोटो फिरायला लागला, काळा चष्मा लावलेला, हातात आंधळ्याची काठी. हे तेच लोक, ज्यांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले होते.

रणधीर माझ्या ऑफिसात आला. "हे बघ भावा, सरळ विषय हाय. हात मुळातच सदोष होता म्हनायचं. साफसफाईचं कोन विचारतंय? अण्णांचं लायसन तसंबी संपलंय. त्यांना काय फरक पडतोय?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. त्याच्यासाठी चहा मागवला.

अण्णांनी मला एवढंच विचारलं, "वळान कुठलं?"

"सातवं."

त्यांनी भिंतीवरची पाटी काढली, पेपरात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून ते गाडीत पुढं बसेनात. कुठं जायचं झालं तर मागच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. सुनावणीच्या चार दिवस आधी म्हणाले, "विश्वा, मला ते वळान दाव. माजं काय चुकलं ते मला बघायचंय."

मी गाडी कंपनीच्या सेटिंगवर टाकली. वरात. आम्ही दोघं वऱ्हाडी. पहिल्या आंधळ्या वळणावर गाडी रांगायला लागली तशी मागची काच खाली गेल्याचा आवाज आला. आरशात बघितलं. अण्णांनी डोकं बाहेर काढलं, वर डोंगराकडे नजर टाकली, मग थुंकले आणि काच वर केली.

मी म्हणालो, "अण्णा, इथं तुम्ही थुंकायलाच गाडी हळू करायचा ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "थुकायला? आरं, थुकायला कोन गाडी हळू करतंय? हितं दगूड सुटत्यात. डोस्कं भाईर काडून वर बघाय लागतंय. गाडी हळू झालीच हाय, काच खाली हायच, तर थुकून घ्यायचं. वेगात थुकलं तर सगळं आपल्याच अंगावर येतंय की."

पुढच्या वळणावर, "हितं काच खाली केल्याबिगर खालच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत न्हाई." त्याच्या पुढच्या, "हितं झऱ्याचं पानी रस्त्यावर येतंय, चाकाखाली बघाय लागतंय." मी मनात मोजत होतो. 'सकाळची पिंक.' 'अभिषेक.' चौथी, पाचवी, सहावी.

सातव्या वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खडकाखाली एक रिकामी टोपली उलटी पडली होती, सुकलेली पानं होती. कातळावर तांबूस डागांचे ओघळ, जुने, पावसांनी फिकट झालेले.

"हितं ठकू बसती. सावली असती म्हनून. भाईर वाकल्याबिगर ती दिसत न्हाई. मी थुकलो की शिव्या घालायची." अण्णांनी वाकून खडकाआड बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "ह्या वळनावर मी कदी इसाच्या वर गेलो न्हाई रं. मग माज्या हातानं तिला उडवली कशी?"

सत्तरीचा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि ह्याचं उत्तर ह्या जगात माझ्याइतकं नीट कुणालाच माहीत नव्हतं.

"यंत्राचं काही सांगता येत नाही, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला. तेव्हा मला माझीच जितकी घाण वाटली, तितकी रणधीरचीही कधी वाटली नव्हती.

सुनावणीला लहानसं सभागृह होतं. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त अभियंता होत्या, देवस्थळी बाई. ठकूबाईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. रणधीर पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर दुःखाचा लेप. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहिले. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "हात माजाच हाय. बाईचा पाय माज्यामुळं गेला. टाका माजं नाव त्या काळ्या यादीत."

"ह्यो?" ठकूबाई खुर्चीतून ओरडली. "आवो बाई, ह्यो न्हवं! ह्यो चौगुल्या ट्रकवाला. मी वळकती ह्येला. ह्यो गाडी थांबवल्यागत करायचा, वाकून माज्याकडं बघायचा, आन मंग त्वांड फिरवून थुकायचा. लई शिव्या घातल्यात मी ह्येला. पर थुकनारा मानूस उडवत न्हाई. ह्या लाल गाडीला थुकायला सवडच न्हवती."

सभागृहात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं रणधीर हसला. तो आवाज मी सात वर्षं ऐकत आलो होतो, आणि त्यात माझाही आवाज असायचा. मी उठलो, माझा लॅपटॉप पडद्याला जोडला आणि फोल्डर उघडलं.

भल्यामोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं, 'थुंकी'. खाली अकरा नावं.

मी सगळं सांगितलं. ड्रायव्हर जिथं जिथं धोका ओळखून हळू होत होता, तिथंच तो थुंकत होता. मी उलटं समजलो. थुंकी काढताना मी धोक्याच्या जागा काढून टाकल्या. कच्चा, म्हणजे साफ न केलेला हात ह्या वळणावर वीसनं जातो, आणि वीसच्या वेगाला थांबायला पाच-सहा मीटर पुरतात. सही माझी आहे. दोष हातात नाही, माझ्यात आहे.

देवस्थळी बाईंनी विचारलं, "तुम्ही वडिलांना एकदा विचारलं का नाही?"

"लाज वाटत होती."

"विचारायची?"

"वडिलांची."

अण्णा पडद्याकडे बघत होते. त्यांना वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचतात. त्यांचे ओठ हलताना मी बघितले. स... का... ळ... ची. अकराही नावं त्यांनी वाचली, एकही सोडलं नाही.

अण्णांचं नाव काळ्या यादीत गेलं नाही. माझं लायसन गेलं, ठकूबाईच्या भरपाईची जबाबदारी माझ्यावर आणि मंडळावर आली, आणि मी सभागृहाबाहेर पडायच्या आत मंडळानं मला ग्रुपमधून काढलं. 'घाटाचा राजा' परत मागवून कच्चा हात सगळ्या गाड्यांत घालायचा हुकूम झाला. आता त्या घाटात हजारो गाड्या अकरा ठिकाणी हळू होतात, काचा आपोआप खाली जातात, आणि आतले गाडीवेडे शिव्या देत काच वर व्हायची वाट बघतात. ठकूबाईचा पाय मात्र कुठल्याच हुकमानं परत येत नाही.

परत येताना अण्णा कित्येक महिन्यांनी पुढच्या सीटवर बसले. मला बरं वाटलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

"अण्णा, घरी गेलं की पाटी काढूया माळ्यावरची. मी घासतो ह्या वेळी," मी म्हणालो.

हायवे लागला होता. सरळ, मोकळा, लांबवर दिसणारा रस्ता. गाडी ऐंशीवर होती. अण्णांनी काच खाली केली. डोकं बाहेर काढलं नाही, कुठं बघितलं नाही. नुसते थुंकले.

वाऱ्यानं सगळं आत आलं. त्यांच्या गालावर, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर, माझ्या डॅशबोर्डवर. एकतीस वर्षांत त्यांनी ही चूक कधी केली नव्हती. मी घाईघाईनं रुमाल पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. काच वर केली आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घरी गेल्यावर साफ कर. ते तुला चांगलं जमतंय."